क्रेडिट कार्डाची बाकी पतसंस्थेच्या कर्जातून फेडली का कोणी? लिहा इथं

पांदणरस्ता:
काल शाळेतला एक नवीन मास्तर कर्जाचा फॉर्म घेऊन आला, जामीनदार म्हणून सही पाहिजे म्हणे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण'. म्हटलं बाळा माझ्यापुरतं तरी खरं सांग, तर हळूच म्हणतो सर, कार्ड आहे. सही केली आणि मग रात्री जुनं सगळं आठवत बसलो.

२०१८ ला बाबांना नागपूरला नेलं होतं. रात्रीच्या वेळी काउंटरवर डिपॉझिट मागतात तेव्हा कोण कुठून पैसे आणणार, कार्ड दिलं. डिस्चार्जपर्यंत १,२०,००० झाले. मग दर महिन्याला ६,००० मिनिमम भरायचो आणि बाकी जागची हलेना. शेवटी एका रविवारी बिल घेऊन बसलो. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६, म्हणजे ४,९५६ नुसते हवेत. मुद्दलात जात होते हजार-अकराशे. तेही मी किराणा, पेट्रोल कार्डावर घेतलं नाही तर.

आमच्या शिक्षक पतसंस्थेत तेव्हा दर होता १० टक्के वर्षाला. ३६ हप्ते, मुद्दल दरमहा ३,३३३ आणि व्याज घटत्या बाकीवर, पहिल्या महिन्यात १,००० आणि मग कमी कमी होत गेलं. पूर्ण तीन वर्षांचं व्याज १८,५००. कार्डवाले तेवढं चार महिन्यांत घेत होते! एकच गोष्ट आधी कोणी सांगत नाही, कर्जातून ५ टक्के शेअर्सला कापून घेतात, म्हणजे १,२०,००० मंजूर झाले तरी हातात १,१४,०००. ते धरूनच अर्ज करा नाहीतर कार्डावर सहा हजारांचं शेपूट राहतं आणि ते पुन्हा वाढतं.

तुमचे अनुभव लिहा. पतसंस्था, बचत गट, सोनं, काहीही चालेल.

पऱ्हाटी_अन्_ढेप:
मास्तरलोकाइचं बरं हाय बावा. पगारातून कटते म्हून पतसंस्था डोळे झाकून देते. आमचा पगार पऱ्हाटीले लागते अन् बोंडअळी खाऊन जाते 😄 मी बायकोची एकदाणी गहाण ठेवून कार्ड भरलं. व्याज कमी लागलं पण दर सणाले तिचा गळा पाहून माहं जेवण उतरे ना. पोळ्याले तर सासू समोरच इचारे, एकदाणी काहून नाई घातली वो. सांगा आता काय सांगाव.

चुलीवरची:
@पऱ्हाटी मग सांगितलं काय शेवटी??

पऱ्हाटी_अन्_ढेप:
पॉलिशले देली म्हनलं. वर्षभर पॉलिश चालू होती.

चुलीवरची:
🤣🤣 आमच्या बचत गटातली गोष्ट सांगते. गटातल्या एकीच्या नवऱ्यानं कार्डावर फ्रीज, मोबाइल, मग कार्डातूनच एटीएमला कॅश काढली. कॅशला तर काढली त्या दिवसापासून व्याज लागतं आणि वरून फी वेगळी, हे त्याला कुठं माहीत. ती बिचारी मीटिंगमध्ये रडायला लागली. आमच्या गटात अंतर्गत कर्ज शेकडा २ रुपये महिना, म्हणजे वर्षाचे २४ टक्के, बाहेरचा माणूस म्हणेल बाप रे. पण कार्डाचे ४२ होत होते. आमच्या अध्यक्षा म्हणजे एकदम कडक बाई, त्या म्हणाल्या पैसे देतो पण नवऱ्याला कार्ड घेऊन मीटिंगला पाठव. आला बिचारा मान खाली घालून, अंगणात पंधरा बायका बसलेल्या, सगळ्यांसमोर कैचीनं कार्ड कापलं आणि तुकडे अध्यक्षाबाईंनी पदरात बांधून घेतले 😂 एकही हप्ता चुकला नाही त्याचा. चुकवेल कसा, पिठाच्या गिरणीवर रोज कोणी ना कोणी भेटायचंच. दूध उतू चाललं, आले.

रात्रपाळी:
खरं आहे, पैसा गटाचा असला की लाज लागते. बँकेची कोणाला लाज.

निमसरकारी:
धागा चांगला आहे पण सगळे गोडच लिहितील म्हणून कडू लिहितो. मी जामीनदार होतो. ज्याच्यासाठी सही केली त्यानं पतसंस्थेतून कार्ड फेडलं, मग वर्षभरात त्याचं तेच कार्ड पुन्हा भरलं कारण बंद केलंच नव्हतं, उलट लिमिट वाढवून मिळालं होतं. आता पतसंस्थेचा हप्ता पण आणि कार्डाचं बिल पण. नोकरी सोडून पुण्याला निघून गेला. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि कपात सुरू झाली माझ्या पगारातून. बायकोनं दोन महिने बोलणं टाकलं होतं. त्याच्या आईला बाजारात पाहिलं की मीच रस्ता बदलतो, तिची काय चूक. त्यामुळे @पांदणरस्ता सर, सही केली ते ठीक, पण त्या पोराचं कार्ड बंद झाल्याचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पांदणरस्ता:
निमसरकारी भाऊ, वाचून पोटात गोळा आला. उद्याच विचारतो त्याला.

जवाईबापू:
माझा मेव्हणा पण सेम. कर्ज काढून कार्ड झीरो केलं आणि त्याच आठवड्यात ईएमआयवर टीव्ही. म्हणे आता लिमिट मोकळं आहे ना!! सासरी काही बोलता येत नाही, जावई आहोत, जेवायचं आणि गप राहायचं.

पऱ्हाटी_अन्_ढेप:
जवाईबापू टीव्ही किती इंची हाय 😄

जवाईबापू:
५५. घर पाहाल तर दहा बाय बारा. मान मोडते बघताना.

हिशोबनीस:
मी पगारदार पतसंस्थेत काम करतो, नाव गाव विचारू नका. कार्डासाठी कर्ज मागणारे इतके वाढलेत की आता 'घरगुती अडचण' वाचलं की आम्हीच विचारतो कोणत्या बँकेचं. थोडं कामाचं लिहितो, फोनवर आहे, चुका सांभाळून घ्या.
कार्डावर बाकी शिल्लक असली की नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर सुरू. लोकांना वाटतं मिनिमम भरलं म्हणजे व्याज नाही, मिनिमम भरल्यानं फक्त लेट फी वाचते. दुसरं, बिलावरचा आकडा भरून मोकळे होऊ नका. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, दोन-पाचशे रुपये असतात, लोक म्हणतात आपण तर सगळं भरलं आणि ते बिल उघडतच नाहीत, मग त्यावर लेट फी. म्हणून कस्टमर केअरला फोन करून आजच्या तारखेला पूर्ण बंद करायला किती लागतील ते विचारा, भरा, आणि लगेच लेखी अर्ज करा बंद करण्याचा. बाकी शून्य असेल तर आरबीआयच्या नियमानं ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. आणि ते वसुलीवाले 'सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवू' म्हणतात ना, सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, मग 'सेटल्ड' लागतं, पुढे घरकर्जाच्या वेळी रडायची पाळी. पतसंस्थेतून पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घेणं केव्हाही बरं. एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, मागायला लाजू नका.

चुलीवरची:
हिशोबनीस दादा हे ग्रुपवर टाकते हं 🙏 आणि वसुलीवाले रात्री फोन करतात त्याचं काय? आमच्या त्या ताईला नऊ वाजता यायचे.

हिशोबनीस:
सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. रेकॉर्ड करा आणि बँकेकडे तक्रार टाका, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत.

रात्रपाळी:
एवढं व्याज घ्यायला काही मर्यादा आहे की नाही पण? सावकारालाही लाजवतील.

हिशोबनीस:
होती एक. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर घेणं म्हणजे अनुचित व्यापार असं ठरवलं होतं. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द झाला.

रात्रपाळी:
वा. म्हणजे सावकारासाठी २०१४ चा कायदा आणि यांना मोकळं रान.

पऱ्हाटी_अन्_ढेप:
एक डोक्यात येऊन रायलं. ते डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतलं पीक कर्ज, ३ लाखापर्यंत शून्य टक्के. ते उचलून कार्डाले भरलं तं? फुकटच की.

हिशोबनीस:
फुकट तेव्हाच जेव्हा वेळेत परत भरता. आणि जूनमध्ये बियाणं, डीएपी खत कशानं घेणार? मग कृषी केंद्रवाल्याची उधारी, त्याचा भाव वेगळाच. नका करू.

पऱ्हाटी_अन्_ढेप:
हाव, ते बी खरं. सोयाबीनचे पैसे याच्या आधीच त्याची वही उघडी असते.

संत्राबागी:
पतसंस्थेचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहिते. आमच्या गावातली एक बुडाली, माझ्या आईची ठेव होती, आजपर्यंत पूर्ण मिळाली नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे आम्हाला बुडाल्यावर कळलं. कर्ज काढा खुशाल, त्यात तुमचं काय जातं, पण दिवाळीला जास्त व्याज देतो म्हणाले म्हणून आईवडिलांचे पैसे नेऊन टाकू नका. आणि कर्ज मंजूर करताना 'थोडी ठेव ठेवा' म्हणतात तिथं तर अजिबात नाही.

पांदणरस्ता:
ताई बरोबर. पगारदार पतसंस्था आणि गावातली नागरी पतसंस्था यात फरक आहे, नागरीत दर पण १२-१५ पर्यंत असतो. पण ठेवीचं तुमचं म्हणणं दोन्हीकडे लागू आहे. आईंचं वाईट वाटलं.

संत्राबागी:
तिला आता काही वाटत नाही. म्हणते कर्ज घेणारे सुटले, ठेवणारेच अडकले.

जवाईबापू:
विषयांतर होतंय पण या रविवारी कोणाकडे रोडगे आहेत का, पाऊस थांबला की नाही तिकडे?

चुलीवरची:
आमच्याकडे आहेत, मारुतीच्या पारावर. वांग्याची भाजी आणि रोडगे. मेव्हण्याला सोडून या, टीव्ही बघत बसू दे त्याला.

नवीन_रुजू:
नमस्कार, आजच वाचला धागा. जि.प. ला लागून दीड वर्ष झालं, कार्डावर ८०,००० बाकी. मी सभासद होऊन चारच महिने झालेत, तरी कर्ज मिळेल का? आणि वेतनचिठ्ठी किती महिन्यांची?

हिशोबनीस:
प्रत्येकाचे पोटनियम वेगळे, आमच्याकडे सहा महिने सभासदत्व लागतं. तोवर आकस्मिक कर्ज विचारा, रक्कम छोटी असते पण लवकर मिळतं, तेवढं तरी कार्डात टाका. वेतनचिठ्ठ्या तीन, आधार, पॅन, दोन जामीनदार आपल्याच संस्थेचे सभासद हवेत, आणि पगारातून कपातीचं संमतीपत्र मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. सहकार कायद्याच्या कलम ४९ खालचं ते. शिक्का विसरतात लोक, मग परत चक्कर.

नवीन_रुजू:
जामीनदार दोन 😟 इथं ओळखीचं कोणीच नाही, मी मराठवाड्यातून आलोय.

निमसरकारी:
तालुका कोणता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी कार्डाचं शेवटचं बिल पाठवा, मग बघू.