शयनगृहातील असमाधान : आधी मन तपासावे की रक्त?

मृद्गंध :
गेल्या महिन्यात माझा एक जुना मित्र घरी आला आणि चहा निवून साय धरेपर्यंत काहीच बोलला नाही. मग त्याने खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. औषधाच्या दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली होती. मित्राचे वय चौतीस, लग्नाला दोन वर्षे झालेली. सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते, एकटा असताना काही अडचण येत नाही, साखर आणि रक्तदाब दोन्ही ठीक आहेत. तरी पत्नीजवळ गेले की शरीर साथ देत नाही. गोळीने काम झाले, पण आता गोळी जवळ नसली की त्याला झोपण्याच्या खोलीत पाऊल टाकायचीच धास्ती वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. तरुण आणि मध्यमवयीन प्रौढांच्या लैंगिक तक्रारींत मन हे मुख्य कारण असते, आणि आपण ते सर्वांत शेवटी पाहतो. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने 1970 साली जे मांडले ते या मित्राला तंतोतंत लागू पडते : माणूस प्रणयात सहभागी होण्याऐवजी स्वतःचाच परीक्षक होऊन बाजूला उभा राहतो आणि ‘जमतेय का?’ हेच पाहत बसतो. त्या भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि ज्या रक्तप्रवाहावर सारे अवलंबून असते तोच अडतो. म्हणजे एकदा आलेल्या अपयशाची भीतीच पुढच्या अपयशाची तयारी करून ठेवते. त्यांनी सुचवलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. काही काळ संभोग करायचाच नाही असे दोघांनी ठरवायचे आणि केवळ स्पर्शाची सवय पुन्हा लावून घ्यायची, कारण परीक्षाच नसेल तर नापास होण्याचा प्रश्न उरत नाही.

यात आपल्याकडची आणखी एक भर आहे. ‘धात जाते’, ‘लहानपणीच्या चुकांमुळे कमजोरी आली’ ही भीती कित्येक पुरुष लग्नाच्या मांडवात सोबत घेऊन येतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी 1960 साली या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि चिंतेला वैद्यकात ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्याच्याही कितीतरी आधी, 1927 पासून, रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे देत होते. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. तरीही आज चौतीस वर्षांच्या शिकलेल्या माणसाला डॉक्टरांपेक्षा दुकानदाराशी बोलणे सोपे वाटते, याचे मला मनापासून दुःख होते.

पन्नाशीपार :
आपल्या मित्राचे निदान कदाचित बरोबर असेल, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे आणि तो मी अंगावर झेलला आहे. मला एकोणपन्नासाव्या वर्षी हाच त्रास सुरू झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत विषय संपवला : टेन्शन घेऊ नका, कुठेतरी फिरून या. आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो. दीड वर्ष मी स्वतःच्या मनाला दोष देत राहिलो आणि माझी पत्नी स्वतःच्या वयाला; तिने त्या काळात आरशासमोर उभे राहणे जवळजवळ सोडले होते. पुढे डोळ्यांचा नंबर सारखा बदलतो म्हणून रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ निघाली, म्हणजे मला मधुमेह होता.

मधुमेह नसांना आणि रक्तवाहिन्यांना एकदमच इजा करतो. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक असल्यामुळे तिथला अडथळा अनेकदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधीच जाणवू लागतो. ही तक्रार म्हणजे शरीराने आधी पाठवलेली सूचना असू शकते, आणि ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ म्हणणारा माणूस ती न वाचताच टाकून देतो. म्हणून माझे म्हणणे असे की आधी साखर, रक्तदाब, चरबी, थायरॉइड आणि गरज असल्यास टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासावे. मन हे सगळे निर्मळ निघाल्यावर उरणारे उत्तर असावे. आणि चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या दुकानदाराबद्दल आपला राग मला अपुरा वाटतो. छातीत दुखते म्हणून नायट्रेटची औषधे घेणाऱ्या माणसाने तीच गोळी घेतली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जिवावर बेतते.

सावली :
आपण दोघेही ज्याला लैंगिक समाधान म्हणत आहात ते केवळ ताठरतेचे समाधान आहे. या चर्चेत आतापर्यंत दोन स्त्रिया येऊन गेल्या, एक मित्राची पत्नी आणि दुसरी आरशासमोर न उभी राहणारी. पण त्यांना काय हवे होते हे कोणीच विचारलेले नाही.

मी लग्नानंतर सहा वर्षे दोन खोल्यांच्या घरात काढली. आमच्या खोलीच्या दाराची कडी बसत नसे, म्हणून रात्री दाराला स्टूल लावावे लागे, आणि ते फरशीवर घासल्याचा आवाज बाहेर झोपलेल्या सासूबाईंना जाणार हे मला ठाऊक असे. तो आवाज झाला की माझे अंग आखडून जाई. त्यानंतर नवऱ्याने कितीही प्रेमाने जवळ घेतले तरी माझे कान दाराकडेच असत. डॉक्टरांकडे गेले असते तर ‘कामेच्छा कमी’ अशी नोंद झाली असती. अमेरिकेत लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्से संस्थेतील बॅनक्रॉफ्ट आणि यान्सेन यांनी लैंगिक प्रतिसादाचे जे चित्र मांडले त्यात एक यंत्रणा उत्तेजना देणारी आणि दुसरी ती रोखणारी, म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, अशा दोन असतात. माझा ॲक्सिलरेटर बिघडला नव्हता, माझा पाय ब्रेकवर होता, आणि तो ब्रेकवर ठेवायला लावणारे कारण माझ्या मनात नव्हते, ते दारात होते.

कॅनडाच्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 च्या सुमारास दाखवून दिले की दीर्घ सहवासात अनेक स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आधी आणि जवळीक नंतर असा क्रम नसतो. जवळीक, विश्वास आणि सुखद स्पर्श मिळाला की इच्छा मागाहून जागी होते. हे माहीत नसलेली बाई स्वतःला थंड समजते आणि हे माहीत नसलेला नवरा ‘हिला माझ्यात रसच नाही’ असे समजतो. दिवसभर टोमणे मारून रात्री अकरा वाजता हात पुढे करणाऱ्या माणसाला कोणत्या रक्ततपासणीत उत्तर सापडणार आहे?

जुनाजाणता :
आमच्या आधीच्या पिढ्यांनी चाळीतल्या एका खोलीत दहा माणसांत संसार केले, त्यांना मुलेबाळे झाली आणि कोणी समुपदेशकाकडे गेले नाही. इतकी चिकित्सा केल्यामुळेच नैसर्गिक गोष्टीची समस्या झाली आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

सावली :
मुले होणे हा समाधानाचा पुरावा नाही. माझ्या आजीला सात मुले झाली. ‘तुला कधी आवडले का गं?’ असे मी तिला एकदाच विचारले, तेव्हा ती निवडत असलेली मेथी हातात तशीच राहिली आणि म्हणाली, ‘असं कोणी विचारतं का?’ त्यांनी चिकित्सा केली नाही, कारण त्यांना शब्दच दिले गेले नव्हते.

परिचारिका :
मी एकतीस वर्षे स्त्रीरोग विभागात काम केले आहे आणि सावलीताईंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधते. लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही संबंध होऊ न शकलेली जोडपी आमच्याकडे ‘मूल होत नाही’ म्हणून येत. तपासणीच्या टेबलावर हातमोजा पाहताच त्या मुलीच्या मांड्या आवळल्या जात आणि ती टाच मारून मागे सरके. हे ती मुद्दाम करत नसे. वेदनेच्या भीतीने योनीभोवतीचे स्नायू आपोआप आकुंचन पावतात, मग खरेच दुखते, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. घरचे लोक याला हट्ट म्हणत आणि काही जणी त्यासाठी मारही खात. समुपदेशन, श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव आणि हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या डायलेटरचा, म्हणजे योनीमार्गाला सवय लावणाऱ्या गुळगुळीत नळ्यांचा, वापर यांनी यातल्या बऱ्याच जणी बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. आता यात मन कुठे संपले आणि शरीर कुठे सुरू झाले हे मला कोणी सांगावे.

दुसरे असे की नैराश्य स्वतः इच्छा मारते आणि त्यावरची काही नेहमीची औषधेही इच्छा कमी करतात किंवा कामतृप्ती लांबवतात. रुग्ण लाजेने हे सांगत नाही आणि गोळ्या एकाएकी बंद करून टाकतो, जे फार वाईट. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. पण त्यासाठी डॉक्टरांना सांगावे लागते.

मृद्गंध :
पन्नाशीपार, आपण जे सोसले ते वाचून मी माझे पहिले विधान आवरते घेतो. चाळिशी ओलांडलेल्या, अथवा त्याआधीही साखर किंवा रक्तदाबाची शंका असलेल्या प्रत्येकाने रक्त तपासलेच पाहिजे. सावलीताई, मित्राच्या पत्नीला काय वाटते हे मी विचारलेच नाही, ही चूक मला मान्य आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. मन हे ‘उरणारे उत्तर’ ठरवले की सर्व अहवाल चांगले आलेल्या माणसाला ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. माझ्या मित्राचे नेमके असेच झाले, आणि त्या दवाखान्यातून तो थेट औषधाच्या दुकानात गेला. मनाची चौकशी पहिल्याच भेटीत, रक्ताच्या चिठ्ठीसोबत व्हायला हवी.

पन्नाशीपार :
क्रमाबद्दल माझे मत अजूनही बदललेले नाही, कारण डॉक्टरांना वेळ कमी असतो आणि मनाचे नाव एकदा निघाले की तपासण्या राहून जातात हे मी पाहिले आहे. परंतु माझ्या गोष्टीचा उरलेला भाग लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साखर आटोक्यात आली, औषध योग्य मात्रेत सुरू झाले, तरी पहिले काही महिने फारसा फरक पडला नाही. दीड वर्षाच्या अपयशाने आम्ही दोघेही एकमेकांना हात लावायला बिचकू लागलो होतो. नवीन डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीला पत्नीला सोबत आणायला सांगितले. त्यांच्या खोलीत रुग्णासाठी एकच खुर्ची होती. त्यांनी स्वतः उठून बाहेरच्या बाकाजवळून दुसरी आणली, माझ्या खुर्चीशेजारी ठेवली आणि पहिला प्रश्न तिला विचारला. ती काय बोलली हे मी येथे लिहिणार नाही, पण पंचवीस वर्षांच्या संसारात ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.