प्रश्न: पिकअप मागून बसतोय, स्प्रिंगला जादा पाटा टाकू की एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी)?

दोन्ही थांबवा, आधी जुने पाटे बघा. गाडी रिकामी, सपाट जागेवर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. एकच बाजू खाली असेल तर बहुतेक पाटा तुटलाय. सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकाजवळची गंजाची बारीक रेघ म्हणजे तडा. शॅकलचे (पाट्याचं टोक धरणारी हलती कडी) बुशही बघा.

कोणी शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) बदला म्हणेल. शॉकअप वजन उचलत नाही, फक्त उसळी दाबतो.

पाटे ठोकून कमान परत आणणं सर्वात स्वस्त, पण नीट उष्णता-प्रक्रिया नसेल तर लवकरच पुन्हा बसतात. रोजच भरून जात असाल तर एक हेल्पर (जादा) पाटा पुरे. दोन टाकलेत तर रिकामी गाडी खड्ड्यात मागून उड्या मारेल. कधीमधीच भरत असाल तर रबरी हेल्पर बरा, तो भार आल्यावरच टेकतो.

पाटा वाढवलात तर पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवेच घ्या, पाट्यांची जाडी वाढल्याने लांबही लागतात. ५०० किमीनंतर पुन्हा आवळा; ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. मागच्या ब्रेकला लोड व्हॉल्व्ह (भार बघून ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा) असेल तर तो परत सेट करून घ्या, नाहीतर उंची वाढल्यामुळे भरल्या गाडीलाही तो रिकामी समजेल. आणि पासिंगचं (आरटीओने मंजूर केलेलं) वजन यातल्या कशानेच वाढत नाही.