वंशभेदावरचे प्रशिक्षण पुण्यातील वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थेने कसे घ्यावे?

प्रश्न : समन्वयक, कोथरूड

नमस्कार. पुण्यातील सहा वस्त्यांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेत मी नऊ वर्षे समन्वयक आहे. आमच्याकडे ३१ जण पगारावर आहेत. त्यांतल्या २२ ताई वस्तीवर वर्ग घेतात आणि बहुतेक जणी त्याच वस्त्यांत लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत. उरलेले नऊ जण कार्यालयात बसतात. आम्हाला निधी देणाऱ्या एका अमेरिकी प्रतिष्ठानाने या वर्षी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वेगळी रक्कम दिली असून ती वांशिक समावेशकतेच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावी अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. सोबत दोन दिवसांचा तयार अभ्यासक्रमही पाठवला आहे. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. गुलामगिरीचा इतिहास, १९६४ चा नागरी हक्क कायदा, नोकरी शोधताना काळ्या उमेदवाराला येणारे अनुभव हे सारे त्यात मन लावून मांडले आहे. तरीही ते आमच्या ताईंपुढे ठेवायचे कसे, हे मला उमगत नाही. 'वंश' खोडून तिथे 'जात' लिहिले की काम भागेल, असे कार्यालयातील एकाचे मत आहे. विश्वस्तांचे म्हणणे असे की आपल्याकडे कुणी कुणाची जात विचारत नाही, मग नसलेला विषय उकरून काढायचा कशाला.

मला मात्र दोन गोष्टी अस्वस्थ करतात. निधीदात्याचा तक्ता भरताना माझ्या प्रथमच लक्षात आले की नऊ वर्षांत वस्तीवरची एकही ताई कार्यालयातल्या पदावर आलेली नाही. दुसरी गोष्ट गेल्या महिन्यातल्या बैठकीतली आहे. एक ताई मुलींच्या गैरहजेरीविषयी बोलत होत्या. त्या 'पानी' म्हणाल्या, तेव्हा कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने हसतमुखाने 'पाणी' अशी दुरुस्ती केली. त्यानंतर त्यांनी दोन वाक्यांत विषय संपवला आणि पुढच्या दोन्ही बैठकांत त्या काहीच बोलल्या नाहीत. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. अशा संस्थेत प्रशिक्षणाने काही बदलते का, आणि बदलत असेल तर ते कसे घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : प्रशिक्षक, सध्या मुक्काम पुणे

आपण प्रश्न अर्धवट झाकून न विचारता मोकळेपणाने मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. शब्द बदलून तोच अभ्यासक्रम वापरू नये. अमेरिकेत रंग समोरून दिसतो. आपल्याकडे जात आडनावावरून, गावावरून, पत्त्यावरून काढली जाते, आणि ती काढणाऱ्याला आपण ती विचारली असे वाटतही नाही. 'तुमचे गाव कोणते?', 'पूर्ण नाव काय म्हणालात?' हे प्रश्न मुलाखतीत किती सहज येतात, ते आठवून पाहा. तरीही तिकडचे सगळेच निरुपयोगी आहे असे नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि शिकागोमध्ये सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणे आले, काळ्या वाटणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी असाच प्रयोग भारतातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींवर केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही पात्रता सारखी असताना दलित आणि मुस्लिम आडनावांना बोलावणी कमी आली. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की आपल्या विश्वस्तांशी बोलणे सोपे जाईल, कारण त्या अर्जांवरही जात कुणी विचारलेली नव्हती.

वंशाचा मुद्दा पुण्यात अगदीच परका आहे असेही मानू नका. ईशान्येकडील आणि आफ्रिकेतील विद्यार्थी या शहरात राहतात, आणि चेहऱ्यावरून ठेवलेली नावे त्यांना रोज ऐकावी लागतात. ईशान्येकडील लोकांना इतर शहरांत भोगाव्या लागणाऱ्या भेदभावाचा विचार करण्यासाठी केंद्राने २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमली होती. आपल्या वर्गांत अशा पालकांची मुले येत असतील, तर प्रशिक्षणात त्यांच्यासाठीही जागा ठेवावी.

आता प्रशिक्षणाने काय होते त्याविषयी. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी अमेरिकेतील ८०० हून अधिक कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली. सक्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या कंपन्यांत पाच वर्षांनंतरही व्यवस्थापनातील काळ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले नव्हते, उलट घटले होते. ज्येष्ठाने कनिष्ठाला हाताशी धरून शिकवण्याची पद्धत जिथे होती, तिथे ते वाढले. माझा स्वतःचा अनुभव याहून वेगळा नाही. दोन दिवस निवासी शिबिरात रडलेली माणसे सोमवारी कार्यालयात त्याच खुर्च्यांवर बसतात, आणि ज्यांना खुर्ची नव्हती त्या ताई सतरंजीवर बसतात.

फुल्यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मला प्रशिक्षणासाठी त्याहून महत्त्वाची वाटते ती १८६८ ची गोष्ट, जेव्हा त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याआधी वीस वर्षे ते बोलत होते, लिहीत होते, शाळा चालवत होते. तरीही घरातला हौद खुला करणे ही वेगळी कृती ठरली. आपल्या संस्थेतला हौद कोणता, हा प्रश्न घेऊन बसा. मला वाटते तो इंग्रजी अहवाल आहे, परंतु ते तुमच्या ताई अधिक नेमके सांगतील.

निधीदात्याला हे पटेल का, अशी शंका असल्यास एवढे कळवा की फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली, आणि तो ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला आहे. जात म्हणजे काय, हे त्यांना आता नव्याने समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तर २ : वस्तीतली ताई, आता प्रकल्पप्रमुख, येरवडा

वरील उत्तरातील इंग्रजी अहवालाचा मुद्दा वाचून मला लिहावेसे वाटले. मी एका संस्थेत (ती आता मी सोडली आहे) अकरा वर्षे वर्ग घेतले. रोज संध्याकाळी दोनशे पानी वहीत कोण आले, कोण आले नाही, कुणाच्या घरी काय झाले, हे मी लिहून ठेवायची. दर तिमाहीला त्या वह्या कार्यालयात जायच्या आणि त्यांतून इंग्रजी अहवाल तयार व्हायचा. एकदा छापलेला अहवाल माझ्या हाती आला. माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट त्यात पूर्ण पानभर होती, अगदी मी लिहिली त्याच क्रमाने, आणि खाली लेखक म्हणून कार्यालयातल्या एका मॅडमचे नाव होते. त्या वाईट नव्हत्या. त्यांना ते आपलेच लेखन वाटत होते, कारण इंग्रजी त्यांचे होते.

पुढच्या संस्थेत मला वेगळा अनुभव आला. तिथल्या एका ज्येष्ठ बाई दर गुरुवारी दुपारी एक तास माझ्याबरोबर बसत. पहिला महिना आम्ही फक्त अंदाजपत्रक वाचले. कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम आहे आणि ती तशी का आहे, हे त्यांनी मला विचारू दिले. मग अहवालाचा पहिला मसुदा मी मराठीत लिहायचा आणि भाषांतर दुसऱ्याने करायचे, पण नाव माझे राहायचे, असे ठरले. माझ्या मुक्त विद्यापीठाच्या पदवीचे शुल्क संस्थेने भरले आणि परीक्षेसाठी पगारी रजा दिली. सहा वर्षांनी मी प्रकल्पप्रमुख झाले. त्या पदाच्या जाहिरातीत आधी एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीची) अट होती. तिच्यापुढे 'किंवा वस्तीवरील कामाचा आठ वर्षांचा अनुभव' एवढे शब्द वाढवले, तेव्हाच मला अर्ज करता आला. मला विचाराल तर माझे प्रशिक्षण गुरुवारच्या त्या तासात झाले.

समन्वयक ताईंना एक कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षणात आम्हाला उभे करून 'तुमचे जातीचे अनुभव सांगा' असे म्हणू नका. आम्ही सांगायचे, बाकीच्यांनी डोळे पुसायचे आणि शिकून घरी जायचे, यात आमचा विकास कुठे होतो? आधी कार्यालयातल्या नऊ जणांनी आपापसात बसून, आपण इथे कसे पोहोचलो, कुणाच्या ओळखीने, कोणत्या शाळेतून, हे बोलावे. आम्हाला बोलायचे असेल तेव्हा आम्ही बोलू.

उत्तर ३ : एका संस्थेचा विश्वस्त, सदाशिव पेठ

माझे मत थोडे निराळे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. आमच्या पिढीतील अनेकांनी चळवळीत असताना आडनाव टाकले, नावापुढे आईवडिलांचे नाव लावले, आंतरजातीय लग्ने केली. जात मागे टाकण्यासाठी आम्ही जे केले, त्यानंतर आता संस्थेच्या अर्जावर पुन्हा जातीचा रकाना ठेवायचा, या कल्पनेने मला त्रास होतो. एकत्र काम करणाऱ्या माणसांत त्यामुळे तट पडतील, ही भीती मला खरी वाटते.

उत्तर २ च्या लेखिकेकडून

काका, तुमच्या पिढीने जे केले त्याविषयी मला आदर आहे. माझ्या वडिलांच्या मयतीला खांदा द्यायला आलेल्यांत तुमच्यासारखेच दोघे होते. पण आडनाव टाकले तरी तुमच्याकडे पेठेतले घर राहिले, इंग्रजी राहिले, ज्यांच्याकडे शब्द टाकता येईल अशी माणसे राहिली. मी आडनाव टाकले तर माझ्याकडे वस्तीचा पत्ता उरतो, आणि त्यावरून सगळे कळतेच. रकाना अर्जावर नको, हे मलाही पटते. ज्याला सांगायचे त्याने नाव न लिहिता सांगावे आणि वर्षातून एकदा फक्त बेरीज सर्वांपुढे यावी: वस्तीवर किती, कार्यालयात किती, विश्वस्त मंडळात किती. तट आजही आहेतच. कार्यालयात डबा खायला कोण कोणाशेजारी बसते, ते एक दिवस पाहा.

उत्तर ४ : हिशेब तपासनीस

पैशाच्या बाजूने थोडक्यात लिहितो. परदेशी निधीविषयीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, म्हणून प्रशिक्षणाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली जाणार हे आपल्या लेखापरीक्षकाशी आधीच लेखी ठरवून घ्या. तीनचार संस्थांनी मिळून कार्यक्रम करायचा विचार असेल, तर त्याच दुरुस्तीमुळे एका संस्थेचा परदेशी निधी दुसरीकडे वर्ग करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणखी एक गोष्ट. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती ठेवणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आपल्याकडे ती असेलच. खासगी संस्थेत जातीवरून होणाऱ्या वागणुकीसाठी अशी समिती नेमण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, पण विश्वस्त मंडळाने ठराव करून ती नेमण्यास कुणाची आडकाठीही नाही. तिच्यावर बाहेरचा एक सदस्य आणि वस्तीवरच्या किमान दोन ताई असाव्यात. प्रशिक्षणात मन मोकळे केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जाण्यासाठी एखादी जागा हवी.

प्रश्नकर्तीकडून, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांचा अभ्यासक्रम आम्ही बाजूला ठेवला आणि तीच रक्कम वर्षभर वापरण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. सहा ताईंसाठी गुरुवारचा तास सुरू झाला आहे, आणि जाहिरातींतली पदवीची अट बदलण्यास विश्वस्तांनी संमती दिली आहे. समितीचा विषय पुढच्या सभेत येईल. पहिल्या तिमाहीचा अहवाल दोन ताई लिहीत आहेत. कार्यालयातल्या नऊ जणांची बैठक फार अवघड गेली. त्यात मीही होते, आणि माझी पहिली नोकरी मामांच्या एका फोनवर लागली होती, हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले.

बैठकीत गप्प झालेल्या ताईंच्या घरी मी स्वतः गेले आणि त्या दिवशी मी काही बोलले नाही याबद्दल त्यांची माफी मागितली. मला वाटत होते की त्यांना उच्चाराचे वाईट वाटले असेल. त्या म्हणाल्या, "ताई, उच्चाराचं मला लहानपणापासून ऐकायची सवय आहे. पण मी अकरा पोरींचं सांगत होते, ते कुनी ऐकलंच नाही." वस्तीतल्या त्या गल्लीला पाणी सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत येते, आईवडील तोवर कामावर गेलेले असतात, आणि हंडे भरण्यासाठी घरातली थोरली मुलगी थांबते. आमचा वर्ग आठला सुरू होत होता. त्या अकरा मुलींच्या नावांपुढे आम्ही सहा महिने 'अनियमित' असा शेरा लिहीत आलो होतो. सोमवारपासून तो वर्ग साडेनऊला भरतो, आणि ती वेळ त्या ताईंनी ठरवली आहे.