काळी दोनचा सा आणि चार तारांचा बेस: प्रिसिजन विकून पाच तारांचा घ्यावा का?

मंद्रसाज (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नऊ वर्षांपासून प्रिसिजन पद्धतीचा (बेस गिटारचा एक जुना प्रकार) चार तारांचा बेस आहे. कॉलेजात रॉक वाजवलं, मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. गेली दोन वर्षं मात्र मी अभंग-भावगीतांच्या कार्यक्रमात आहे. हार्मोनियम, तबला, पखवाज, टाळ, कीबोर्ड आणि मी.

आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी हा सा) गातात. माझी सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे पांढरी तीन. मधल्या सा वरून नी, ध, प करत उतरत आलो की शुद्ध रे पहिल्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) मिळतो, कोमल रे मोकळ्या तारेवर मिळतो, आणि सा नाहीच! जिथे टेकायचं तिथेच जमीन संपते. मग सप्तक बदलून वरच्या सा वर उडी मारावी लागते आणि उतरत्या ओळीचं वजन जातं. दुसऱ्या गायिका काळी पाचला गातात. तिथे सगळं छान बसतं. सा सहाव्या फ्रेटवर आणि खालचा पंचम पहिल्या.

दुसरी अडचण पखवाजाची. कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमारा आणि माझी जाड तार एकमेकांत मिसळतात. साउंडवाले दादा मग मलाच खाली करतात.

पुण्यात एक वापरलेला पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह जॅझ बेस (आत बॅटरीवरचं सर्किट आणि दोन पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारी चुंबकं, असलेला) अडतीस हजारांना मिळतोय. दुकानात वीस मिनिटं वाजवला. प्रत्येक सूर सुटा, लखलखीत. पण तो घ्यायचा तर हा विकावा लागेल. काय करू?

जुनाबेस (डोंबिवली)

मित्रा, तू दोन वेगळे प्रश्न एका पिशवीत घातलेस. खालचा सा न मिळणं हा तारांचा प्रश्न आहे. पखवाजात हरवणं हा नाही. पाचवी तार घेतलीस तर दुसरा प्रश्न वाढेल.

बावीस वर्षं वाजवतोय म्हणून सांगतो. माझ्याकडेही आधी प्रिसिजन होता, मग जॅझ, मग एक मोठ्या हंबकरचा (दुहेरी पिकअपचा) अ‍ॅक्टिव्ह. आज अभंगाला जाताना पुन्हा प्रिसिजनच घेऊन जातो. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधला भाग थोडा बसतो आणि वरची चमक पुढे येते. एकट्या ड्रमसेटबरोबर ते सुरेख लागतं. पण टाळ वाजायला लागले की ती चमक टाळांच्याच जागेत जाऊन बसते. शिवाय मागचा पिकअप पुढे आणायला पुढचा कमी केलास की गुणगुण सुरू होते, कारण दोन्ही सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे पिकअप) एकमेकांची गुणगुण मारतात ती सारख्या आवाजातच. मंडपात दिव्यांचे डिमर असतात तिथे हे फार जाणवतं. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप 1957 पासून तसाच चालत आलाय आणि तो एकटाच शांत असतो. त्याचा भर मधल्या खालच्या भागावर आहे. पखवाजाच्या वर आणि हार्मोनियमच्या खाली जी फट उरते ना, तीच त्याची जागा.

एकदा आषाढीच्या कार्यक्रमात मला स्वतःचं काहीच ऐकू येईना. मी बेसचं बटण चढवत गेलो. मध्यंतरात माझा मोठा भाऊ मागच्या रांगेतून आला आणि म्हणाला, "तू वाजवतोयस हे कळतंय, पण काय वाजवतोयस ते कळत नाही." त्या रात्रीपासून मी उलट जायला लागलो. अ‍ॅम्पवर खालचा भाग कमी, मधला थोडा वर. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेष्टणाच्या) तारा. ब्रिजजवळ (तारा बॉडीवर बसतात तिथे) तारांखाली स्पंजचा तुकडा, सूर लांबू नये म्हणून. बोटांऐवजी अंगठ्याची गादी. साठच्या दशकात डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन जाड फ्लॅट तारांच्या प्रिसिजनवर एका तर्जनीने वाजवायचा. त्याच्या ओळी अजून शब्दागणिक ऐकू येतात. खोल वाजवण्यापेक्षा आखूड आणि स्पष्ट वाजव.

सा साठी पुढच्या तालमीला सगळा बेस अर्ध्या सुराने उतरवून बघ. काळी दोनचा सा मोकळ्या तारेवर येईल, पंचम पुढच्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. काळी पाचला सगळं फक्त एक फ्रेट वर सरकेल.

सेटअपवाला (कोल्हापूर)

मी वाद्यदुरुस्तीचं काम करतो. जुनाबेस यांचं स्वराचं म्हणणं पटलं, पण उतरवलेल्या तारा सैल पडतात आणि जुन्या सेटअपवर (नेक आणि तारांची उंची यांची जुळणी) खडखडतात. मंद्रसाज, तुमचा बेस शेवटचा कधी तपासला होता? पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा, नेक (मान) बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण 0.3 मिलिमीटर हवी, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरीच फिरवा. बाराव्या फ्रेटवर जाड तार 2.5 आणि बारीक तार 2 मिलिमीटर उंच ठेवा. जोरात वाजवत असाल तर थोडी आणखी. मग बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून येणारा सूर) ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला तर पुढे. हार्मोनियमबरोबर वाजवणाऱ्याने हे टाळूच नये. पेटीचा सूर जागचा हलत नाही, त्यामुळे वरच्या फ्रेटवरचा बेसुरेपणा लगेच उघडा पडतो. आपल्याकडे जूनमध्ये हवा बदलली की नेक हलते, म्हणून पावसाळा लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बघायचंच.

आता खरा उपाय. पाच तारांचा सेट घ्या आणि त्यातल्या जाड चार तारा तुमच्याच बेसवर चढवा. खालून बी, ई, ए, डी. बारीक जी तार जाते, पण अभंगात ती किती वेळा लागते हे तुम्हीच मोजा. काळी दोनचा सा जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर येईल, आणि दाबलेला असल्यामुळे हवा तिथे तोडता येईल. मोकळी तार घुमत राहते. नटच्या (मानेच्या टोकाची, तारा बसवणारी पट्टी) खाचा मात्र रुंद कराव्या लागतात, ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. घरी कानशीने खाच खोल गेली तर नट बदलावाच लागतो.

तो अ‍ॅक्टिव्ह घेतलात तर एक लक्षात ठेवा. केबल आत खोचलेली राहिली की नऊ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. वाजवून झालं की केबल काढायची.

मींडप्रेमी (बंगळुरू)

माझं मत थोडं वेगळं आहे. पैसे जमत असतील तर पाच तारांचा घ्या, पण प्रिसिजन विकू नका. नऊ वर्षं ज्याच्यावर हात बसलाय तो परत मिळत नाही. मी अभंगाला फ्रेटलेस (फ्रेट नसलेला बेस) वाजवतो. गंधाराचं आंदोलन गायकाबरोबर घेता येतं, फ्रेटवर ते तसं येतच नाही. पण त्याला रोजचा रियाज लागतो आणि स्टेजवर स्वतःचं नीट ऐकू यावं लागतं.

आणखी एक. तुमचा तो खालचा सा साधारण 38.9 हर्ट्झचा आहे. सबवूफर नसलेल्या छोट्या सभागृहात मूळ सूर स्पीकरमधून जेमतेम निघतो, लोकांचा कान वरच्या उपस्वरांवरून तो पुरा करतो. म्हणून तो सा वाजवताना मधला भाग कापू नका. कापलात तर काहीच पोचणार नाही.

मंद्रसाज (सातारा)

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी अर्धा सूर उतरवून बघितला. सा मिळाला, पण सेटअपवाला म्हणाले तसा तो घुमत राहिला आणि थेट पखवाजात गेला. मग बी-ई-ए-डी केलं. नट करून घेतला, फ्लॅट तारा, स्पंज, अ‍ॅम्पचा खालचा भाग कमी. परवा वाईला कार्यक्रम झाला. रे वरून सा वर उतरलो, दोन मात्रा धरला आणि पखवाजाच्या थापेआधी तोडला. साउंडवाल्या दादांनी मला एकदाही खाली केलं नाही. अडतीस हजारांचा बेस घेणार नाही, हे नक्की.

एकच त्रास उरलाय. जाड तार चौथ्या फ्रेटवर कधीकधी मेल्यासारखी वाजते. कार्यक्रमाआधी तिचं जास्तीचं टोक मी कापलं होतं, त्याने काही झालं असेल का?

सेटअपवाला (कोल्हापूर)

होऊ शकतं. टोक कापण्याआधी तार खुंटीजवळ काटकोनात वाकवायची असते. सरळ तार कापली तर वरचं वेष्टण आतल्या तारेवरून सरकतं आणि तार मेल्यासारखी वाजते. तशी झाली असेल तर तार बदलण्याशिवाय इलाज नाही. पण त्याआधी जाड तारेवरचे तिसरा, पाचवा, सातवा फ्रेटही बघा. सगळीकडे मेलेली असेल तर दोष तारेत. फक्त चौथ्यावर असेल तर तिथला फ्रेट नीट बसलाय का ते बघावं लागेल, बेस घेऊन या.