मुरारबाजी पडल्यावरही पुरंदर लढत होता, मग महाराजांनी तो दिला का?

चौथीच्या_बाई

पुरंदरचा वेढा शिकवत होते. मुरारबाजी देशपांड्यांचा पराक्रम सांगून झाला आणि पुढच्याच वाक्याला तह आला. एका मुलाने विचारलं, "बाई, गड पडला नव्हता ना? मग दिला कशाला?" पुस्तकात 23 किल्ल्यांचा आकडा आहे, पण या प्रश्नाचं उत्तर नाही. दाणागोटा संपला होता का? फितुरी झाली होती का? मुलांना कळेल असं, पण खरं उत्तर हवं आहे. जाणकारांनी सांगावं.

कऱ्हाकाठ

ताई, मी सासवडकडचा. पुरंदर आणि वज्रगडाची जोडी घराच्या गच्चीवरून दिसते. या वेढ्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाणा संपला म्हणून किंवा फितुरीने पुरंदर गेला नाही. त्याची सुरुवात वज्रगडापासून करा. मुलांना फळ्यावर दोन डोंगर काढून दाखवा: पश्चिमेला पुरंदर, पूर्वेला वज्रगड, मधे भैरवखिंड. पुरंदरचे दोन भाग आहेत, वर बालेकिल्ला आणि त्याच्या उत्तर अंगाला खाली पसरलेली माची. वज्रगड बालेकिल्ल्याहून ठेंगणा आहे, पण माची त्याच्या माऱ्यात येते. म्हणजे वज्रगड ज्याच्या हाती, त्याच्या तोफांखाली माची. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी हे आल्या आल्या ओळखलं. मार्च 1665 च्या अखेरीस मोर्चे लागले आणि 14 एप्रिलला वज्रगड मोगलांकडे गेला. दीडशे वर्षांनी, 1818 मध्ये, इंग्रजांनीही आधी वज्रगडच घेतला, आणि मग पुरंदर.

वज्रगडावरचे लोक शरण आले तेव्हा मिर्झाराजांनी त्यांना कापलं नाही. मानवस्त्रं देऊन घरी जाऊ दिलं. हा माणूस किती धोरणी होता ते इथे दिसतं. पुरंदरावर झुंजणाऱ्यांना त्याने दाखवून दिलं की खाली आलात तर जीव वाचेल. माझ्या मते तोफांइतकंच हे हत्यार धारदार होतं. तरीही पुरंदरचे लोक दोन महिने खाली आले नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगा.

मुरारबाजींची हकीकत बखरीत येते. निवडक सातशे माणसं घेऊन ते दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले. खान त्यांची मर्दुमकी बघून कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊ लागला. मुरारबाजींनी तो धुडकावला आणि थेट खानावर चालून गेले. शेवटी खानाच्या बाणाने ते पडले. पण बखर तिथे थांबत नाही आणि पुस्तकांत नेमकं हेच गळतं. उरलेले लोक गडावर परतले आणि म्हणाले, एक मुरारबाजी पडला म्हणून काय झालं, आम्हीही तसेच शूर आहोत. लढाई चालूच राहिली.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. गड लढत होता, पण गडाभोवतीचा मुलूख जळत होता. एप्रिलच्या अखेरीस मिर्झाराजांनी दाऊदखान कुरेशीला फौज देऊन राजगड-रोहिड्याकडे पाठवलं. त्याआधी हाच दाऊदखान पुरंदरच्या खिडकीवर, म्हणजे गडाच्या छोट्या चोरदारावर, नजर ठेवायला होता. त्याच्या डोळ्यांदेखत मराठ्यांची एक टोळी गडात शिरली आणि त्यावरून दिलेरखानाशी त्याची चांगलीच जुंपली. मग मिर्झाराजांनी त्याला तिथून काढून मुलूख मारायला धाडलं. रोहिड्याच्या आसपासची पन्नासेक गावं जाळली गेली. गुरं नेली, माणसं धरून नेली. गडावर लढणारा शिपाई याच खोऱ्यांतला. त्याने तटावर उभं राहून कोणासाठी झुंजायचं?

दुसरी गोष्ट, गडावर नुसते शिपाई नव्हते. तहानंतर सुमारे सात हजार माणसं खाली उतरली, त्यांत लढणारे चार हजार. बाकीच्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. जूनच्या सुरुवातीला माचीचे पाच बुरूज मोगलांकडे गेले होते. 11 जूनला महाराज पायथ्याच्या छावणीत मिर्झाराजांना भेटायला आले, तेव्हा मिर्झाराजांनी मुद्दाम गडावर हल्ला चढवायला लावला. तंबूतून तो दिसत होता. महाराजांनी तिथेच सांगितलं की गड देतो, माणसं मारू नका.

मुलाला मी हेच सांगेन. दगडी तट पुन्हा घेता येतो, ती सात हजार माणसं परत आणता आली नसती. आणि गड खरंच पुन्हा घेतला: मार्च 1670 मध्ये निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर परत मिळवला.

गोलंदाज

कऱ्हाकाठ यांनी उत्तम लिहिलंय. तोफांबद्दल थोडी भर घालतो. वज्रगडासमोर तोफा चढवणं हेच एक युद्ध होतं. अब्दुल्लाखान नावाची तोफ वर न्यायला तीन दिवस लागले, फत्तेलष्कर चढवायला साडेतीन. वाट नाही, नुसता चढ. दोरखंड आणि माणसांचे खांदे यांवर सगळं काम. वरून मराठ्यांचा मारा चालू. रात्री गडावरची माणसं उतरून मोर्च्यांवर छापे घालत होती. पुढे माचीच्या सफेद बुरुजासमोर मोगलांनी लाकडी ओंडके आणि फळ्यांचा उंच दमदमा उभारला, म्हणजे छोट्या तोफा आणि बंदूकवाले तटाच्या उंचीला आले. मराठ्यांनी वरून दारूची मडकी, पेटते गोळे, धोंडे टाकले. हे चित्र मुलांना नक्की काढायला लावा, ताई. वेढा म्हणजे खाली बसून वाट बघणं असं त्यांना वाटत असेल तर तो समज जाईल.

रानवाटा

एक शंका. मृग तोंडावर होता. अजून पंधरा-वीस दिवस तग धरला असता तर पावसाने मोगलांची दारू भिजली नसती का? आणि बाहेरून वेढा फोडायला कोणीच का आलं नाही?

कऱ्हाकाठ

बाहेरून प्रयत्न झाला. नेतोजी पालकरांनी परांड्याकडे धामधूम केली, म्हणजे मोगली फौज तिकडे वळावी. मिर्झाराजांनी एक तुकडी त्यांच्या मागे धाडली, पण मोर्चे हलवले नाहीत. आधीच्या मोगल सरदारांत आणि या माणसात हाच फरक होता. त्याने येण्याआधीच सिद्दी, पोर्तुगीज, आजूबाजूचे छोटे राजे, सगळ्यांकडे माणसं पाठवून महाराजांना एकटं पाडायची तजवीज केली होती. अफजलखानाचा मुलगाही त्याने आपल्याकडे ओढला.

पावसाचं म्हणाल, तर मोगल पायथ्याला असते तर तुमचं म्हणणं मला पटलं असतं. आमच्याकडचा धुवाधार पाऊस आणि ते धुकं मोर्च्यात बसलेल्याला नको करून सोडतं. पण तोवर ते माचीच्या बुरुजांत शिरले होते, त्यांना छप्पर मिळालं होतं. माची गेली असती की सगळी माणसं बालेकिल्ल्यात कोंडली असती. वरची जागा बघितली आहे का तुम्ही? केदारेश्वराकडे जाणारी ती चिंचोळी धार. तिथे सात हजार जीव पावसाळाभर कसे राहिले असते?

चौथीच्या_बाई

खूप आभार. दोन डोंगर आणि मधली खिंड उद्याच फळ्यावर काढते. दमदम्याचं चित्र मुलांकडे सोपवते.