निवासी संकुलातील दैनिक भाड्याचे फ्लॅट : सोसायटीला अधिकार किती?

पर्वरीकर :

नमस्कार. गोव्यातल्या पर्वरीत आमचे तीन इमारतींचे, अठ्ठेचाळीस फ्लॅटचे संकुल आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा येथे सरकारी कर्मचारी, म्हापसा-पणजी अशी रोज ये-जा करणारे नोकरदार आणि काही निवृत्त शिक्षक अशीच कुटुंबे होती. गेल्या चार-पाच वर्षांत त्यांतले अकरा फ्लॅट एकामागून एक पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिले जाऊ लागले. बहुतेकांचे मालक गोव्यात राहत नाहीत. एक व्यवस्थापक तीन-चार संकुलांतले असे फ्लॅट सांभाळतो आणि फाटकाजवळच्या पाइपाला अडकवलेल्या आकडी कुलपाच्या पेटीत किल्ल्या ठेवून निघून जातो.

येणारे पाहुणे वाईट वागतात असे मला म्हणायचे नाही. बहुतेक जण सभ्य असतात आणि जिन्यात भेटले तर हसून बोलतात. प्रश्न वागण्यापेक्षा वापराचा आहे. ज्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौघांचे कुटुंब राहील असे धरून टाकी आणि सेप्टिक टँक बांधले गेले, तेथे शनिवार-रविवारी आठ-नऊ जण उतरतात. सकाळी नऊला वरची टाकी रिकामी होते, टँकर मागवावा लागतो आणि त्याचे बिल अठ्ठेचाळीस जणांत सारखे वाटले जाते. मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून अपरात्री पोहोचणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींच्या दाराची घंटा चुकून वाजली नाही असा आठवडा जात नाही.

सर्वसाधारण सभेत विषय निघाला तेव्हा निम्मे लोक ‘सरसकट बंद करा’ म्हणाले आणि उरलेले ‘फ्लॅट आमचा, तुम्ही कोण विचारणार’ म्हणाले. मग चहा आला आणि विषय तहकूब झाला. मला जाणून घ्यायचे आहे ते हे की, सोसायटी अशा भाड्याला कायद्याने मनाई करू शकते का, आणि करू शकत नसेल तर या फ्लॅटकडून जास्त देखभालखर्च घेणे तरी शक्य आहे का? पर्यटन खात्याकडे तक्रार करायची झाली तर ती नेमकी कशाची करायची?

टिपणीस :

प्रथम आपली सोसायटी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा, कारण गोव्यात अर्ध्याहून अधिक वाद याच ठिकाणी अडतात. महाराष्ट्रात सोसायटी म्हटले की जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर आणि सभासदाकडे केवळ वापराचा हक्क, असे चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे मात्र अनेक संकुलांत प्रत्येकाने बिल्डरकडून स्वतंत्र विक्रीखताने फ्लॅट घेतलेला असतो आणि सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था ही केवळ ‘मेंटेनन्स सोसायटी’ असते. तिच्या ताब्यात जिना, लिफ्ट, टाकी, फाटक आणि बाग एवढेच येते. अशा संस्थेने एका साध्या ठरावाने ‘फ्लॅट पर्यटकांना देऊ नये’ असे ठरवले, तर तो ठराव आव्हानापुढे टिकेल अशी खात्री मी देणार नाही. सामाईक सोयींच्या वापराचे नियम ठरवणे मात्र तिच्या कामाचाच भाग आहे. म्हणून विक्रीखत काढून ‘निवासी वापरासाठी’ अशी अट त्यात आहे का, आणि असल्यास ती कोणत्या शब्दांत आहे, ते वाचावे.

दुसरी गोष्ट उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नोंदलेल्या नियमांची. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, उपविधी हे सभासदांना बांधणारे, करारासारखे असतात असे मानले होते. तो वाद सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवण्याचा होता, भाड्याचा नव्हता. त्यामुळे त्याचा आधार घेताना हात आखडता ठेवलेला बरा. तरीही सभेतल्या तोंडी ठरावापेक्षा उपविधीत रीतसर दुरुस्ती करून ती सहकार निबंधकांकडे नोंदवून घेणे कितीतरी अधिक भक्कम ठरते. वाढीव देखभालखर्चाचा मार्गही तोच आहे, आणि तो दंड म्हणून न आकारता प्रत्यक्ष वापराशी, म्हणजे पाणी, सेप्टिक टँकचा उपसा आणि रात्रीचा पहारा यांच्याशी जोडावा.

पर्यटन खात्याकडे तक्रार करायची ती नोंदणी नसल्याची. गोव्यात १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पैसे घेऊन पर्यटकाला उतरवणे हा व्यवसाय त्याच्या कक्षेत येतो, मग जागेला हॉटेल म्हणा, व्हिला म्हणा नाहीतर ‘सी व्ह्यू होम’. याखेरीज परदेशी पाहुणा उतरला असेल तर त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. ही जबाबदारी उतरवून घेणाऱ्याची आहे. कुलपाच्या पेटीतून किल्ली देणारे ती कशी पाळतात, हे विचारण्यासारखे आहे.

एक गैरसमज येथेच दूर करतो, कारण आपल्या सभेत तो नक्की मांडला जाईल. ‘आम्ही जीएसटी भरतो, म्हणजे आम्ही अधिकृतच’ असे फ्लॅटमालक सांगतात. ऑनलाइन मंचावरून आलेल्या आरक्षणात मालकाची उलाढाल नोंदणीच्या २० लाख रुपयांच्या मर्यादेखाली असेल, तर कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर येते. कर भरला गेला याचा अर्थ पर्यटन खात्याची नोंदणी झाली असा होत नाही.

बल्कांव :

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून आधीच सांगते. शिवोलीला आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. त्यातल्या रस्त्याकडच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते, मागच्या भागात मी आणि सासूबाई राहतो. नोंदणी आहे, पाटी दारावर आहे आणि पाहुण्यांचे रजिस्टर हाताने लिहिलेले आहे. नोंदणीसाठी सर्वांत मोठी अडचण ना खात्याची झाली ना पंचायतीची. ती झाली घरच्यांची. गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन नागरी संहितेप्रमाणे घर सहा भावंडांत आणि त्यांच्या जोडीदारांत विभागलेले होते, त्यातला एक बहरीनला, एक नाशिकला. सगळ्यांच्या संमतीच्या सह्या मिळेपर्यंत एक पावसाळा गेला. त्या खोल्यांच्या उत्पन्नातूनच दरवर्षी मे महिन्यात कौले परतून घेता येतात, नाहीतर ते घर एव्हाना दिल्लीच्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे गेले असते.

म्हणूनच ‘होमस्टे’ या एकाच शब्दाखाली मला आणि पर्वरीकरांच्या त्या व्यवस्थापकाला बसवले जाते तेव्हा राग येतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या निवास-न्याहारी योजनेत मालकाने त्याच घरात राहायला हवे आणि खोल्या १ ते ६ असाव्यात, अशी अट आहे. शेजारच्या सिंधुदुर्गातली न्याहारी-निवास घरेही यजमानाच्या चुलीवरच चालतात. माझा पाहुणा रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी लावू लागला तर शेजाऱ्याला पोलिसांना फोन करावा लागत नाही. तो कुंपणावरून मला हाक मारतो आणि मी उठून जाते. नियम करायचाच असेल तर तो या फरकावर करावा, की उतरणाऱ्याबरोबर त्याच छपराखाली उत्तरदायी माणूस राहतो आहे की नाही. आज मात्र होते उलटेच. मी कागद पूर्ण केले म्हणून मला तपासणीला तोंड द्यावे लागते, आणि नोंद नसलेला फ्लॅट माझ्याहून कमी दरात जातो.

भाडेकरू का ठेवत नाही, असे लोक विचारतात, त्याचेही उत्तर देते. १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार (जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवरील घरात राहणारे) कायदा यांच्या आठवणी गावातल्या प्रत्येक घरात आहेत. मुंडकारांना संरक्षण मिळाले ते योग्यच झाले. पण एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही ही भीती जुन्या मालकांच्या मनातून गेलेली नाही, आणि त्यामुळे घर एकतर बंद राहते, नाहीतर दोन दिवसांच्या पाहुण्याला दिले जाते.

पुणे_मडगाव :

माझा असाच एक फ्लॅट बार्देशात आहे आणि मी पुण्यात राहतो, तेव्हा येथे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो आहे असे समजा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाच घरांमागे एक घर बंद आढळले होते. बंद घर पाणी वापरत नाही, पण दुरुस्तीच्या निधीला पैसेही वेळेवर देत नाही. आमच्या संकुलात थकबाकीदारांच्या यादीत वर असतात ते बंद फ्लॅटवाले. मी वर्षभराची देखभाल आगाऊ भरतो. वाढीव खर्च मागितला तर तोही देईन, फक्त तो मोजून मागावा. फ्लॅटला वेगळा पाण्याचा मीटर बसवा आणि त्याप्रमाणे बिल पाठवा. मनाई केलीत तर मी फ्लॅटला कुलूप लावीन, तेथे कुटुंब राहायला येणार नाही.

लिस्बनहून :

मूळचा म्हापशाचा, आता पंधरा वर्षे लिस्बनला आहे. जुन्या पोर्तुगीज कायद्याच्या छायेत आपण अजून वावरतो, म्हणून येथे याच प्रश्नावर काय झाले ते सांगणे अस्थानी होणार नाही. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांची नोंदणी येथे सक्तीची आहे आणि तो नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावाच लागतो. २०१८ च्या दुरुस्तीने इमारतीच्या रहिवासी मंडळाला असा अधिकार मिळाला की, ज्या फ्लॅटमुळे सामाईक सोयी अधिक वापरल्या जातात त्याच्याकडून त्याच्या वार्षिक हिश्श्याच्या ३० टक्क्यांपर्यंत जादा वर्गणी घेता येते. मालकाने आपला दूरध्वनी क्रमांक मंडळाला द्यायचा, विमा काढायचा आणि इमारतीचे नियम पाहुण्याच्या हातात लिहून ठेवायचे, हेही त्यात आले.

मनाईच्या बाबतीत मात्र लंबक दोन्ही टोकांना जाऊन आला. २०२२ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, इमारतीच्या मूळ दस्तात फ्लॅट ‘निवासासाठी’ असे लिहिले असेल तर तेथे पर्यटक उतरवता येणार नाहीत. २०२३ मध्ये सरकारने किनारी आणि शहरी भागांतल्या नव्या नोंदण्या थांबवल्या. पुढे सरकार बदलले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कायद्याने त्या निकालाची धारच काढून घेतली. दस्तात स्पष्ट मनाई नसेल तर केवळ ‘निवास’ या शब्दावरून हरकत घेता येत नाही. वारंवार आणि सिद्ध झालेला उपद्रव असेल तर मात्र निम्म्याहून अधिक हिश्श्याचे रहिवासी महापालिकेकडे नोंदणी रद्द करण्याची मागणी करू शकतात. येथे मला बोध झाला तो ‘सिद्ध’ या शब्दाचा. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट वर्षभर गोंधळ घालत होता, पण तारीखवार नोंद कोणीच ठेवली नव्हती, त्यामुळे मंडळाच्या हाती तक्रारीखेरीज काही उरले नाही.

इतर शहरांचे दाखले लोक नेहमी देतात. ॲम्स्टरडॅमच्या बहुतेक भागांत वर्षाला ३० रात्री, लंडनला ९० आणि जपानात १८० दिवस अशी मर्यादा आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून यजमानाने घरात हजर असणे आणि पाहुणे दोनपेक्षा अधिक नसणे बंधनकारक झाले, म्हणजे बल्कांव ताई म्हणतात तीच रेघ त्यांनी ओढली. रात्री मोजण्याचे नियम गोव्यात मला निरुपयोगी वाटतात. आपला सगळा ताण डिसेंबर आणि लांब सुट्ट्यांत एकवटतो, आणि ९० रात्रींची मर्यादा घातली तर मालक नेमक्या त्याच ९० रात्री निवडील.

पर्वरीकर :

सर्वांचे मनापासून आभार. टिपणीस साहेबांच्या सांगण्यावरून काल विक्रीखत काढून पाहिले. ‘निवासी’ हा शब्द नकाशाच्या मंजुरीच्या उल्लेखात आहे, खरेदीदाराने पाळायच्या अटींत नाही. आणि आमची संस्था मेंटेनन्स सोसायटीच आहे. तेव्हा मनाईचा विचार सोडला. पुढच्या सभेपुढे ठेवण्यासाठी उपविधीच्या दुरुस्तीचा मसुदा करतो आहे. त्यात तीन गोष्टी असतील : पाहुणे उतरवणाऱ्या फ्लॅटने पर्यटन खात्याच्या नोंदणीची प्रत समितीकडे द्यावी, त्याला वेगळा पाण्याचा मीटर असावा आणि टँकर व सेप्टिक टँकच्या खर्चात हिस्सा त्या वापरावर ठरावा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तासाभरात पोहोचू शकेल अशा स्थानिक माणसाचा क्रमांक चौकीदाराकडे असावा. किल्लीची पेटी सामाईक जागेतून काढावी, हे तर आजही सांगता येईल. चौकीदाराच्या टेबलावर कालपासून तारीखवार वही ठेवली आहे. पहिली नोंद आजींच्या घंटेची आहे, रात्री दोन वाजून दहा मिनिटे.

एक अडचण मात्र येथे लिहायला संकोच वाटतो. त्या अकरांपैकी दोन फ्लॅट व्यवस्थापन समितीच्याच सदस्यांचे निघाले, आणि त्यातले एक आमचे खजिनदार आहेत.

टिपणीस :

मग त्या दोघांना मसुदा सभेच्या आधी वाचायला द्या आणि त्यांची हरकत लेखी घ्या. मतदानाच्या वेळी त्यांनी आपले हितसंबंध सांगून बाजूला बसावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. नाहीतर निबंधकांकडे पहिला आक्षेप यावरूनच येईल. खजिनदारांनी स्वतःच्या फ्लॅटला मीटर सर्वांत आधी बसवून घेतला, तर उरलेल्या नऊ जणांशी बोलणे पुष्कळ सोपे जाईल. वहीत पाहुण्यांची नावे लिहू नका. फ्लॅटचा क्रमांक, वेळ आणि काय घडले एवढेच लिहावे, आणि आवाजाची तक्रार असेल तर पोलिसांना फोन केल्याची वेळही त्यापुढे नोंदवावी. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती मोजणे आपले काम नाही.