बुवे, हर्ड आणि केर्गेलेन: खरे निर्जन बेट कोणते?

प्रश्न

मी आठवी-नववीच्या वर्गांना भूगोल शिकवते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काच्या यादीत हर्ड आणि मॅकडॉनल्ड बेटांची नावे आली, तेव्हा मुलांनी ‘तिथे कोण राहते?’ असे विचारले आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी दक्षिणेकडच्या थंड समुद्रातल्या बेटांत गुंतत गेले. नॉर्वेचे बुवे, ऑस्ट्रेलियाचे हर्ड आणि फ्रान्सचे केर्गेलेन अशी तीन बेटे मी तुलनेसाठी घेतली आहेत. नकाशावर तिन्ही ठिपके सारखेच एकाकी दिसतात. पण यांपैकी खऱ्या अर्थाने दुर्गम आणि निर्जन कोणाला म्हणावे? जाणकारांनी कारणांसह सांगितले तर मुलांपुढे नीट मांडता येईल.

पहिला प्रतिसाद

ताई, अंतरच मोजायचे असेल तर बुवेला तोड नाही. जेमतेम ४९ चौरस किलोमीटरच्या या बेटापासून सर्वांत जवळची जमीन म्हणजे अंटार्क्टिकाचा किनारा, आणि तोही सुमारे १,७०० किलोमीटर दूर आहे. फ्रेंच दर्यावर्दी बुवे द लोझिए याला १ जानेवारी १७३९ रोजी ते धुक्यात दिसले आणि दक्षिणेकडच्या एखाद्या खंडाचे हे टोक असावे असा त्याचा समज झाला. त्याने नोंदवलेले स्थान चुकीचे असल्यामुळे पुढे कॅप्टन कुकलाही ते शोधून सापडले नाही. बेटाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे आणि किनारा बहुतेक ठिकाणी सरळ तुटलेल्या कड्यांचा असल्याने होडी लावायला जागाच मिळत नाही. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान दरड कोसळून पश्चिम किनाऱ्यावर न्यूरोइसा नावाचा एक सपाट पट्टा तयार झाला. आता तिथे सील आणि पेंग्विन पिलांना जन्म देतात. याच पट्ट्यावर नॉर्वेने १९९६ मध्ये कंटेनरमधले एक छोटे संशोधन केंद्र उभारले होते. २००६ मधल्या भूकंपाने त्याचा पाया खिळखिळा झाला आणि नंतर हिवाळी वादळांनी ते समुद्रात लोटून दिले.

दुसरा प्रतिसाद

अंतराबाबत वरील मत मला मान्य आहे, मात्र ‘निर्जन’ या शब्दाचा विचार वेगळा करावा लागेल. केर्गेलेनमध्ये १९५० पासून पोर्-ओ-फ्रान्से हा तळ आहे. तिथे कायमचा रहिवासी कोणी नसला, तरी शास्त्रज्ञ आणि कर्मचारी बाराही महिने असतात. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, पॅरिस जितके उत्तरेला आहे, साधारण तितकेच हे बेट दक्षिणेला आहे, तरीही चहूबाजूंनी थंड समुद्र आणि पश्चिमेकडून अखंड वाहणारे वारे यांमुळे तिथे झाड म्हणून उगवत नाही. तिथली केर्गेलेन कोबी मात्र अवश्य दाखवावी: मोठ्या, जाड पानांची ही वनस्पती परागीभवनासाठी वाऱ्यावर अवलंबून असते आणि तिच्या पानांत राहणाऱ्या माशीला उडण्याजोगे पंखच नसतात. स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) टाळण्यासाठी खलाशी ही कोबी खात असत. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसणे) पाहायला आलेल्या ब्रिटिश पथकाने खाण्यासाठी ससे आणून सोडले आणि त्या सशांनी मुख्य बेटावरच्या मोठ्या भागातून ती संपवली; आता ती मुख्यतः ससे पोहोचू न शकणाऱ्या कड्यांवर आणि लहान बेटांवर तग धरून आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर तर याहून वाईट घडले. उंदरांसाठी म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस नेलेल्या पाच मांजरांची संख्या पुढे हजारांवर गेली आणि ती वर्षाला लाखो समुद्रपक्षी मारू लागली. १९९१ पर्यंत मांजरे हटवण्यात यश आले, पण उंदीर उरले, आणि ते आज अल्बाट्रॉसची पिले जिवंतपणी कुरतडतात. हे वाचल्यापासून मी बेटाचा एकांत किलोमीटरमध्ये मोजत नाही, तर माणसाबरोबर तिथे कोणते प्राणी उतरले हे आधी पाहतो. या कसोटीवर हर्ड फार वरचे ठरते, कारण ३६८ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर बाहेरून आलेला उंदीर, मांजर किंवा ससा यांपैकी एकही नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. पण हर्डवर सीलची शिकार झाली होती असे वाचले आहे. मग त्याला अस्पर्श म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखकाकडून

अस्पर्श म्हणता येणार नाही. १८५५ पासून काही दशके शिकारी तिथे मुक्काम करून एलिफंट सील मारत आणि त्यांची चरबी उकळून तेल काढत. १९४७ ते १९५४ या काळात ऑस्ट्रेलियाचे संशोधन केंद्रही होते. तरीही माणसे निघून गेल्यावर मागे राहून बेट पोखरत बसेल असा प्राणी त्यांनी ठेवला नाही, आणि एलिफंट सील पुन्हा त्याच किनाऱ्यांवर येऊ लागले. १९९७ मध्ये हर्ड आणि मॅकडॉनल्ड बेटे जागतिक वारसा यादीत आली. तिथला बिग बेन हा ज्वालामुखी अजून जागृत असून त्याचे २,७४५ मीटर उंचीचे मॉसन शिखर ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील कोणत्याही शिखरापेक्षा उंच आहे.

तिसरा प्रतिसाद

एक भर घालतो. केर्गेलेन आणि हर्ड ही दोन्ही बेटे समुद्राखालच्या एकाच विशाल पठाराचे वर आलेले भाग आहेत. ज्या तप्तबिंदूमुळे (पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहतो अशी जागा) ते पठार घडले, त्याचाच संबंध आपल्याकडच्या झारखंडमधील राजमहाल टेकड्यांच्या बेसाल्टशी जोडला जातो. सह्याद्रीच्या बेसाल्टचा संबंध मात्र रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूशी लावतात. नकाशा काढताना या दोन जोड्या वेगवेगळ्या रंगांनी दाखवाव्यात, म्हणजे मुलांची गल्लत होणार नाही.